होडीतली स्कूटर

माझी सून दगड फोडते, असं मी एकदा आमच्या कांदिवलीतल्या चारकोपच्या सोसायटीत सहज सांगितलं, तर खालच्या मजल्यावरची माधुरी म्हणाली, "अगं बाई, एवढी वेळ आली?" तेव्हापासून मी सरळ ती शिल्पकार आहे असं सांगते. लोकांना जड शब्द फेकून मारला की ते गप्प बसतात.

ऋतिका नाहूरची. कॉलेजात शिल्पकला शिकली आणि जुन्या इमारतींचं तुटलेलं कोरीवकाम पुन्हा घडवून द्यायच्या धंद्यात पडली. नाक उडालेला सिंह, पाकळ्या झडलेलं कमळ, मान गेलेली परी, असले सगळे हिचे पेशंट. माझा मुलगा सौरभ अंधेरीला एसीत खुर्चीवर बसून काम करतो आणि मान धरून घरी येतो. ही दिवसभर परांचीवर उभी राहून येते आणि वर तोच मान चोळून मागतो. मी बोलत नाही, पण मला दिसतं.

तर गोराईचं काम आलं तेव्हा ऋतिका आंघोळीला गेली होती आणि फोन मी घेतला. पलीकडून एक बाई म्हणाली, "मी गोराईशी नाताल बोलतंय. आमचे देवलाचा काम हाय. तुमचे सुनेला पाठवा गो." मला ऐकू आलं, नातलग बोलतेय. म्हटलं असेल कोणी यांच्या लांबच्या चुलत्याची. आणि देऊळ म्हटलं की देऊळ, त्यात विचारायचं काय? मी नारळ फोडला. आमच्या ह्यांनी, म्हणजे अण्णांनी, देवापुढे उभं राहून छोटंसं गाऱ्हाणंही घातलं. अण्णा मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत आयुष्य गेलं, पण गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. म्हणजे गावाच्या वतीने देवाला मोठ्याने विनंती करायची, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून तिला आपला होकार जोडायचा. मी संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं की माझ्या सुनेच्या हातून देवळाचं काम होतंय.

पुढच्या आठवड्यात खण, नारळ, हळदकुंकू घेऊन मी आणि अण्णा बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीत बसलो आणि खाडी ओलांडून गोराईला उतरलो. विचारत विचारत पोहोचलो आणि मान वर करून बघते, तर शिखराच्या जागी क्रूस.

हातात ओटीचं ताट आणि समोर चर्च. माझी काय अवस्था झाली असेल ती तुम्हीच बघा. आतून फुलाफुलांचं लुगडं नेसलेली एक म्हातारी लगबगीने आली आणि म्हणाली, "तूच काय वनमाला? मी नाताल." म्हणजे नाताल हे त्या बाईचं नाव! तिने माझ्या हातातलं ताट असं काही घेतलं, जसं रोजच कोणीतरी आणून देतं. म्हणाली, "दे इकडं, मायचे पायाशी ठेवतंय. मायला सगला चालते." गोराईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या. मी सोडून सगळ्या मुंबईला ते माहीत होतं.

घरी आल्यावर मी ऋतिकाला धरलं. "तुला सांगता येत नव्हतं?"

"अहो आई, ते लोक देऊळच म्हणतात. मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे."

"मला कसं माहीत असेल? मी सगळ्यांना सांगून बसले! ती माधुरी मला येता-जाता विचारते, कळस कधी चढवणार म्हणून!"

ही हसली. हसली म्हणून मी अबोला धरला. चूक माझी नव्हती, शब्दाची होती, हे मी आजही सांगते. पण अबोला धरला तरी डबा चुकवला नाही. राग तोंडाशी असावा, पोटाशी नसावा, असं माझी आई म्हणायची. रोज सकाळी ओट्यावर तो जुना तीन पुडांचा स्टीलचा डबा भरून ठेवायचा, तिने तो पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला अडकवायचा, आणि दोघींनी एकमेकींकडे न बघता कामाला लागायचं. सौरभ शाळेत असताना तो डबा जिन्यावरून गडगडला होता. त्याच्या मधल्या पुडाला एक चांगला पोचा आहे, त्यामुळे झाकण बसवताना वरून गुद्दा घालावा लागतो. अबोल्याच्या दिवसांत मी तो गुद्दा जरा जोरात घालत असे.

आणि ती स्कूटर! ही बाई चारकोपहून जेट्टीपर्यंत स्कूटर चालवते, मग स्कूटरसकट फेरीत चढते आणि पलीकडे उतरून पुन्हा चालवते. एकटी हीच नव्हे, गोराईचं सगळं गावच तसं येतं-जातं. माणसं, माशांच्या टोपल्या, गॅसचे सिलिंडर आणि नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, ओळीने उभ्या स्कूटर. मला ते बघून धडकी भरते.

असे तीन-चार महिने गेले. मग एका शनिवारी संध्याकाळी ऋतिका आली ती थेट स्वयंपाकघरात. डोळे लाल, केसांत दगडाची भुकटी. आपणहून अबोला मोडून म्हणाली, "आई, उद्यापासून डबा नको."

"का गं? माझ्या हाताची चव गेली?"

"काम गेलं," ती म्हणाली, आणि ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडायला लागली. मी गॅस बंद केला. भांडण आपल्या जागी आणि माणूस आपल्या जागी.

झालं होतं ते असं. त्या देवळात वेदीच्या बाजूच्या भिंतीवर, उंचावर, एक जुना शिळापट आहे. वादळात सापडलेली होडी, तीत घाबरलेले बारा शिष्य आणि एका टोकाला शांत झोपलेला येशू. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने होडीचं नाळेकडचं टोक झडून गेलं होतं आणि मागे कोणीतरी तिथे सिमेंट थापून ठेवलं होतं. ते काढून, नवा दगड बसवून टोक पुन्हा कोरायचं, हे ऋतिकाचं मुख्य काम. तिने ते कोरलं. लाटा कोरल्या, फळ्या कोरल्या, दोर कोरला. आणि नाळेपाशी, लाटेच्या आडोशाला, वीतभर उंचीची एक स्कूटर कोरली.

"स्कूटर?" मी विचारलं.

"स्कूटर."

"येशूच्या होडीत?"

"हो, आई."

दुरुस्तीचं काम ज्या कंपनीकडे होतं तिचा आर्किटेक्ट धवल परांचीवर चढला तेव्हा त्याला ती दिसली. त्याने सांगितलं की उद्याच्या उद्या स्वतःच्या हाताने छिन्नी लावून ती उडवायची. नाही उडवली तर काम दुसऱ्याला जाईल, आणि ही बाई जुन्या शिल्पांची मस्करी करते, असं तो सगळ्यांना कळवील. या धंद्यात माणसं मोजकी. असं एकदा नाव झालं की हिला पुन्हा दगडाला हात कोण लावू देणार?

"मग उडव की," मी म्हटलं. मला खरंच तेव्हा काही कळत नव्हतं. "एवढ्याशा गमतीपायी धंदा घालवतेस?"

तिने डोळे पुसले. "गंमत नाहीये ती. नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं, असा आमच्यात नियमच आहे. नाहीतर पुढे कोणी माझा दगड जुना समजून बसेल. बाकीचे कोपऱ्यात साल कोरतात. मी रोज त्या फेरीतून जाते, रोज नाळेकडे स्कूटर बघते. जे बघितलं ते कोरलं. मी आजवर दुसऱ्यांच्याच हातचं पुन्हा पुन्हा कोरत आलेय, आई. एवढं एकच माझं आहे. त्याला मी माझ्या हाताने छिन्नी नाही लावणार."

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबून एकच वस्तू आपली म्हणावी आणि तीच कोणी फोडायला सांगावी, हे कुठल्या बाईला समजावून सांगावं लागतं?

"उद्या डबा नको काय म्हणतेस," मी म्हटलं. "उद्या डबा घेऊन मीच येते."

दुसऱ्या दिवशी रविवार. ऋतिका, मी आणि अण्णा, तिघेही फेरीत. अण्णा वाटभर नाळेकडच्या स्कूटरकडे बघत बसले. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती, पण एकही माणूस घरी गेलं नव्हतं. नाताल मावशीने सगळ्या गावाला बातमी दिली होती. वेदीपाशी फादर सेलेस्टिन चष्मा पुसत उभे होते आणि शेजारी धवल, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. शिळापट परांचीच्या हिरव्या कापडाआड होता. त्या आडची स्कूटर धवल आणि ऋतिका सोडून कोणीच पाहिली नव्हती.

मी डबा बाकावर ठेवला आणि सुरुवात केली. "तूच काय रे तो, माझ्या सुनेला रडवणारा?"

"आंटी, प्लीज. हे टेक्निकल मॅटर आहे."

"मी तुझी आंटी नाही. काकू म्हण, नाहीतर गप्प बस."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. धवल लाल झाला, पण मुलगा वाईट नव्हता, आवाज चढवला नाही. "काकू, लोक इथे मनातलं दुःख घेऊन येतात. मान वर करतील तर येशूच्या होडीत स्कूटर! हसू येईल. आणि आज हे चालवून घेतलं तर उद्या दुसरा कोणी फ्रीज कोरेल. परांची उद्या उतरतेय, पुढच्या रविवारी देवळाचा सण आहे. जे करायचं ते आजच करायला हवं."

खरं सांगते, फ्रीजचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण ऋतिका पुढे झाली, तिने हिरव्या कापडाची एक बाजू ओढली आणि शिळापटाचा जुना अर्धा भाग उघडा पडला. अंगावर येणाऱ्या लाटा, एकमेकांना धरून बसलेली माणसं, तिरकं फाटलेलं शीड.

"धवल, ही होडी कुठली आहे?" तिने विचारलं.

"कुठली म्हणजे? बायबलमधली. गालीलच्या सरोवरातली."

"ते आमचा मचवा हाय!" नाताल मावशी तिथूनच ओरडली. "शीड बघ ना त्याचा! माझा बापूस तेच मचव्यावर होता."

"आणि त्या बारा जणांच्या डोक्याला काय बांधलंय बघ," ऋतिका म्हणाली. "रुमाल. इथल्या कोळ्यांचे. ज्याने हे कोरलं त्याने गालील कुठे पाहिलं होतं? त्याने दारातून खाडी पाहिली आणि त्याच्या काळची होडी देवाला दिली. तेव्हाही कोणीतरी म्हटलंच असेल, हे काय, आपला मासळीचा मचवा देवळात? मी फक्त माझ्या काळची होडी दिलीय."

सगळे माना वर करून बघायला लागले. लहानपणापासून रोज पाहिलेली होडी जणू आज नव्याने किनाऱ्याला लागली होती.

"तू गाडीत बसून भाईंदरवरशी फिरून येते रे बाला," नाताल मावशी धवलला म्हणाली. "तुला फेरी काय ठाव? आमची पोरा तिच्यानशी शालेत जातात. माझे सुनेला बालंतपनाच्या कला आल्या तवा तिला तिच्यानशीच नेली, मागं तिचे दादल्याची स्कूटर. वादलात आमी पन देवाला हाका मारतो ना?"

धवलने हात टेकले. "मला एकट्याला पटून काय उपयोग? जुन्या वास्तूंच्या समितीला उत्तर मला द्यायचंय. फादर, तुम्ही ठरवा."

फादर सेलेस्टिननी चष्मा पुन्हा पुसला. "मी एकटा कसं ठरवू? देऊळ गावाचं आहे." आणि ते गावाकडे बघायला लागले, आणि गाव त्यांच्याकडे. असं झालं की पुढे काहीच होत नाही, हा माझा सोसायटीच्या मीटिंगांचा अनुभव आहे. धवलने घड्याळ बघितलं.

तेवढ्यात अण्णा उठले. वेदीसमोर जाऊन उभे राहिले, चपला दारातच काढल्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि त्या उंच छपराखाली त्यांचा आवाज असा घुमला, जसा मी लग्नानंतर गावच्या देवळात पहिल्यांदा ऐकला होता.

"बा देवा म्हाराजा!"

सगळे चपापले. गाऱ्हाण्याला कोणीतरी होकार द्यायचा असतो, नाहीतर ते तिथेच लोंबकळतं. मी उभी राहिले आणि एकटीच ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"आज ही गोराईची लेकरां आणि आमी कांदिवलीचे पावणे तुझ्या दारात हात जोडून उभे आसंव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी माझ्या आवाजात नाताल मावशीचा आवाज मिसळला. तिला काय कळलं देव जाणे, पण सूर बरोबर लागला.

"आमच्या सुनेन तुझ्या होडयेत गाडी ठेवल्यान. ठेवल्यान, ती मायेन ठेवल्यान. ती तू मानान घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पुढचे दोन बाक.

"हो धवल आसा, तो पण लेकरूच तुझा. तेचा भय घालव, तेका बुद्धी दी. आणि ह्या पोरीन आपल्या हातान जां घडवल्यान, तां मोडूची पाळी तिच्यार हाडू नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं देऊळ. म्हातारे, बायका, शर्ट-पँटमधले बाप्ये, कडेवरची पोरं. कबुतरं फडफडून उडाली. माझ्या अंगावर काटा आला आणि आजही, हे लिहिताना, येतोय. नवऱ्याचा एवढा अभिमान मला आयुष्यात क्वचित वाटला आहे, आणि त्यांना तो सांगितला तर चढून बसतील म्हणून मी सांगितलेला नाही.

फादर सेलेस्टिन हसत होते, पण डोळे भरले होते. "धवल," ते म्हणाले, "आमेन म्हणजे काय, ठाऊक आहे? होय, तसंच होवो. या बाबांनी विनंती केली आणि गावाने आमेन म्हटलंय. समितीला हेच सांग. आणि माझं नाव सांग."

धवलने पुन्हा एकदा वर त्या मचव्याकडे बघितलं. मग ऋतिकाकडे वळून म्हणाला, "साइड स्टँडवर उभी केलीयस की काय?"

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "डबल स्टँडवर. फेरीत साइड स्टँड लावला तर फेरीवाले काका ओरडतात."

तो मोठ्याने हसला आणि त्याच्याबरोबर सगळं देऊळ. मग मी डबा उघडला आणि पहिला घास त्यालाच दिला. "काकू, मस्त," म्हणाला. लवकर शिकला. समितीशी तो काय बोलला ते आमच्यापर्यंत आलं नाही, पण छिन्नी कोणी लावली नाही, आणि पुढच्या कामाचं ऋतिकाला त्यानेच विचारलं.

सणाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो, सौरभही आला. माधुरीलाही मुद्दाम नेलं. मी तिला म्हटलं, "चल, कळस बघायला." देवळाबाहेर बँड वाजत होता, आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि जो तो मान वाकडी करून स्कूटर शोधत होता. खालून ती दिसतच नाही, लाटेआड जाते. ती नीट दिसते फक्त शिळापटाच्या शेजारच्या, गाणाऱ्यांच्या माळ्याच्या कोपऱ्यातून. नाताल मावशी त्या गाणाऱ्यांत असते. तिने माझा हात धरून, गुडघ्यांच्या तक्रारी न ऐकता, मला तो लाकडी जिना चढवला.

कोपऱ्यात जाऊन मी चष्मा नीट केला. आणि दिसली. हँडल, आरसे, सीटवरची शिवणसुद्धा. लाटेचं पाणी पुढच्या चाकापर्यंत आलेलं, आणि स्कूटर आपली डबल स्टँडवर ठाम उभी. आणि तिच्या हुकाला एक पिशवी. पिशवीचं तोंड उघडं, आणि आत तीन पुडांचा डबा. मधल्या पुडाला पोचा.

हे तिने कधी कोरलं असेल? आमचा अबोला चालू होता तेव्हाच. मी गुद्दे घालून झाकणं लावत होते आणि ही तिकडे, एवढ्या उंचावर, तो पोचा दगडात उतरवत होती. मला रडू फुटलं. खाली बघितलं, तर गर्दीत ऋतिका उभी होती, सरळ माझ्याकडेच बघत.

"स्कूटर सुनेची, ता कळला," नाताल मावशी डोळे बारीक करून म्हणाली. "पन ह्यो डबा कुनाचा गो?"

"माझा!" मी म्हटलं. बँड नेमका त्याच क्षणी थांबला होता, त्यामुळे ते सगळ्या देवळाला ऐकू गेलं. झाडून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, माधुरीचीसुद्धा. म्हटलं, वळल्याच आहेत तर वळू देत. आणि मी पुन्हा, अजून मोठ्याने सांगितलं, "तो डबा माझा आहे!"

खालून अण्णांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"